टिपणाची जागा : प्रोग्रॅममधील भाष्य आणि मराठी

संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये यंत्रासाठी लिहिलेल्या ओळींच्या जोडीने माणसासाठी लिहिलेल्याही काही ओळी असतात. प्रोग्रॅम लिहिणारे त्यांना ‘कॉमेंट’ म्हणतात. या लेखात मी त्यासाठी ‘टिपण’ हा आपला शब्द वापरणार आहे. प्रोग्रॅम चालवताना यंत्र टिपणे ओलांडून पुढे जाते. त्यांतल्या एका प्रकारचे मात्र तसे नाही. ठरलेल्या जागी, ठरलेल्या खुणेने लिहिलेले टिपण दुसरे एक साधन उचलते आणि अशी सगळी टिपणे एकत्र करून त्या प्रोग्रॅमची माहितीपुस्तिका आपोआप तयार करते. हे टिपण कोठे लिहावे, कसे लिहावे आणि त्यात मराठीला किती वाव आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मी साहित्याचा अध्यापक. प्रोग्रॅम लिहिणे हा माझा व्यवसाय नव्हे. या विषयाकडे मी वळलो तो एका शब्दयादीमुळे. डिचोली आणि पेडणे तालुक्यांच्या बोलीतले शब्द आमचे विद्यार्थी गोळा करतात. ते वर्णक्रमाने लावण्यासाठी संगणक शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याने छोटासा प्रोग्रॅम लिहून दिला आणि पदवी घेऊन तो निघून गेला. पुढे दुसऱ्या एका विद्यार्थिनीकडे हा प्रोग्रॅम आला. तिला त्यात ‘ळ’ हे अक्षर उचलून दुसरीकडे नेणारी एक ओळ दिसली. ती कशासाठी आहे याचा खुलासा कोठेच नव्हता. ओळ निरुपयोगी समजून तिने काढून टाकली. प्रोग्रॅम पूर्वीसारखाच चालला, यादी मात्र बिघडली.

असे का झाले ते पाहू. आपल्या वर्णमालेत ‘ळ’ येतो ‘ह’नंतर. युनिकोडमध्ये तो ‘ल’च्या लगेच पुढे आहे, कारण युनिकोडमधील देवनागरीची मांडणी १९८८ च्या ‘इस्की’ या भारतीय मानकाला धरून आहे आणि ते मानक सर्व भारतीय लिप्यांना एका चौकटीत बसवण्यासाठी केलेले होते. त्यामुळे संगणकाला नुसतेच ‘क्रम लाव’ म्हटले तर तो काल, काळ, कावळा, कास, काहिली असा क्रम लावतो. मराठी क्रम आहे काल, कावळा, कास, काहिली, काळ. पहिल्या विद्यार्थ्याला हे ठाऊक होते आणि त्याने ते प्रोग्रॅममध्ये बरोबर बसवलेही होते. फक्त लिहून ठेवले नव्हते.

दोन वाचक, दोन टिपणे

प्रोग्रॅम लहान लहान कामांच्या तुकड्यांचा बनलेला असतो. अशा तुकड्याला फंक्शन म्हणतात. फंक्शनला नाव असते, त्याला काहीतरी द्यावे लागते आणि ते काहीतरी परत देते. आपल्या उदाहरणात शब्दांची यादी द्यायची आणि क्रमाने लावलेली यादी घ्यायची. या फंक्शनकडे येणारे वाचक दोन प्रकारचे असतात. एकाला ते फक्त वापरायचे असते. ते आतून कसे चालते याच्याशी त्याला कर्तव्य नसते. दुसऱ्याला ते दुरुस्त करायचे असते. त्याला आतली प्रत्येक ओळ तेथे का आहे हे कळायला हवे.

या दोघांसाठी टिपणेही दोन लागतात. ‘या फंक्शनने लावलेल्या क्रमात ळ हा ह नंतर येईल’ ही वापरणाऱ्याला दिलेली हमी आहे. ती फंक्शनच्या दारावर लिहायची. ‘युनिकोडमध्ये ळ हा ल च्या पुढे आहे, म्हणून येथे हलवला आहे, ही ओळ काढू नये’ ही दुरुस्ती करणाऱ्याला दिलेली सूचना आहे. ती आत, त्या ओळीला लागूनच लिहायची. माहितीपुस्तिका तयार करणारी साधने सामान्यतः पहिल्या प्रकारची टिपणे उचलतात आणि दुसरी जागेवरच ठेवतात. ते योग्यच आहे. घराच्या पाटीवर कोणी आतल्या नळांचा नकाशा काढत नाही.

या साधनांमागचा विचार तसा जुना आहे. डोनाल्ड कनूथ या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञाने १९८४ मध्ये एक लेख लिहून असे मांडले की प्रोग्रॅम हा माणसाने वाचायचा निबंध समजून लिहावा. त्याच्या पद्धतीत मूळ लेखन एकच असे. त्यातून यंत्रासाठी प्रोग्रॅम निघे आणि छापण्यासाठी ग्रंथही निघे. ‘टेक’ ही त्याची अक्षरजुळणीची प्रणाली अशीच लिहिलेली असून तिचा संपूर्ण प्रोग्रॅम १९८६ मध्ये पुस्तकरूपाने छापला गेला. निबंधाइतका खटाटोप फार थोड्यांनी केला. पण ‘मूळ एकच, त्यातून दोन गोष्टी’ ही कल्पना टिकली. १९९५ मध्ये जाहीर झालेल्या जावा या भाषेबरोबर ‘जावाडॉक’ हे साधन आले. १९९७ मध्ये डिमित्री व्हान हेश यांनी ‘डॉक्सिजन’ केले. २००८ मध्ये पायथन भाषेच्या वर्तुळातून ‘स्फिंक्स’ आले. पुस्तिका वेगळी लिहिली की प्रोग्रॅम बदलतो आणि पुस्तिका जुनीच राहते, हा अनुभव या सर्वांच्या मुळाशी आहे. टिपण प्रोग्रॅमला खेटून असले की एक बदलताना दुसरे डोळ्यांसमोर असते.

जागेचे व्याकरण

आता मुख्य मुद्दा जागेचा. व्याकरणात विभक्तिप्रत्यय नेमक्या शब्दाला लागावा लागतो, तसेच हे टिपण नेमक्या जागी लागावे लागते. प्रत्येक भाषेचा नियम मात्र वेगळा आहे.

जावामध्ये टिपण एक तिरकी रेघ आणि दोन तारका (/**) यांनी सुरू होते. तारका एकच असली तर ते साधे टिपण ठरते आणि जावाडॉक त्याकडे पाहत नाही. शिवाय ते ज्याविषयी आहे त्याच्या लगेच आधी हवे. जावाच्या माहितीपत्रात एका नेहमीच्या घोटाळ्याचा उल्लेख आहे : टिपण लिहायचे, मग दुसरीकडून काही मागवणारी ‘इम्पोर्ट’ची ओळ लिहायची आणि त्यानंतर मुख्य घटकाची सुरुवात करायची. मध्ये ती ओळ आल्यामुळे टिपण कोणाचेच राहत नाही. प्रोग्रॅम बिनबोभाट चालतो. पुस्तिका उघडावी तर त्या घटकाची जागा रिकामी.

गो या भाषेत विशेष खूण लागत नाही. साधे टिपणच पुस्तिकेत जाते. मात्र टिपण आणि घटक यांच्यामध्ये एकही रिकामी ओळ चालत नाही. दिसायला सुबक म्हणून कोणी एक ओळ सोडली तर नाते तुटते.

पायथनमध्ये टिपण दाराबाहेर न लिहिता उंबऱ्याच्या आत लिहितात. फंक्शनचे नाव लिहून झाल्यावर आतले पहिलेच विधान म्हणून, तीन अवतरणचिन्हांच्या जोडीत ते येते. त्याच्या आधी आत दुसरे एखादे विधान आले की ते निव्वळ बेवारस वाक्य ठरते. या पद्धतीचा फायदा असा की हे टिपण चालू प्रोग्रॅमबरोबर राहते आणि वापरणाऱ्याला ते तेथल्या तेथे वाचता येते. त्याची रूढी २००१ च्या एका प्रस्तावाने लेखी ठरवून दिलेली आहे.

डॉक्सिजनचे उदाहरण सर्वांत बोधप्रद वाटते. सी भाषेत एकाखाली एक अशी नावांची यादी असली की टिपण नावाच्या उजवीकडे, त्याच ओळीत लिहिण्याची सोय आहे. तेव्हा टिपणाच्या सुरुवातीला ‘<’ ही खूण द्यावी लागते. तिचा अर्थ ‘हे मागच्या नावाविषयी आहे’. ती विसरली तर साधन ते टिपण पुढच्या नावाला जोडते. अशा यादीत पहिल्याची माहिती दुसऱ्याला, दुसऱ्याची तिसऱ्याला, अशी सगळी टिपणे एकेक घर सरकतात. येथे पुस्तिका भरलेली दिसते आणि चुकीची असते. रिकामी जागा निदान लक्षात तरी येते. रस्ट या भाषेने यासाठी दोन खुणाच वेगळ्या केल्या : तीन तिरक्या रेघा (///) म्हणजे पुढच्या घटकाविषयी, आणि दोन रेघा व उद्गारचिन्ह (//!) म्हणजे ज्याच्या आत हे लिहिले आहे त्याविषयी.

वेगळे काढल्यावरही समजावे

जागा साधली तरी काम संपत नाही, कारण पुस्तिका वाचणाऱ्यासमोर प्रोग्रॅम नसतो. टिपण मूळ ठिकाणाहून उचलले जाते आणि दुसरीकडे एकटे वाचले जाते. ही अडचण मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला परकी वाटू नये. म्हाइंभटांनी संकलित केलेल्या लीळाचरित्रात चक्रधरस्वामींची वचने प्रसंगांमध्ये गुंफलेली आहेत. केसोबासांनी त्यांतली वचने निवडून सूत्रपाठ सिद्ध केला. पाठांतराला आणि विवेचनाला ते सोयीचे झाले. पण प्रसंगातून वेगळे काढलेले सूत्र कोणाला, कशाच्या संदर्भात सांगितले हे त्यातून कळेना. म्हणून कोणते सूत्र कोणत्या प्रसंगी आले ते सांगणारे ‘प्रकरणवश’ तयार करावे लागले. आज सूत्रपाठ शिकवताना आम्ही प्रकरणवश बाजूला ठेवू शकत नाही.

केसोबासांच्याच दृष्टान्तपाठाची रचना या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. त्यातील ११४ दृष्टान्तांची मांडणी साधारणपणे तीन भागांत आहे : आधी सूत्र, मग दृष्टान्त, शेवटी दोहोंची सांगड घालणारे दार्ष्टान्तिक. एकेक दृष्टान्त वेगळा काढून वाचला तरी तो अपुरा वाटत नाही. संगणकशास्त्राचा आणि महानुभाव वाङ्मयाचा काही ऐतिहासिक संबंध आहे असे मला मुळीच सुचवायचे नाही. पण ‘मुळापासून वेगळे होणारे लेखन स्वतःपुरते पूर्ण असावे’ हा धडा दोन्हीकडे सारखाच आहे. म्हणून ‘वरीलप्रमाणेच’, ‘हेही तसेच’, ‘खालची ओळ पाहा’ असे शब्द या टिपणात येऊ नयेत. पुस्तिकेत वर आणि खाली काय येईल हे लिहिणाऱ्याच्या हाती नसते.

दुसरा नियम पहिल्या वाक्याचा. जावाडॉक प्रत्येक टिपणाचे पहिले वाक्य उचलून वेगळ्या सूचीत सारांश म्हणून छापते. वाक्य संपले हे ते ओळखते पूर्णविराम आणि त्यापुढील मोकळ्या जागेवरून. मराठीत येथे एक खड्डा आहे. आपण उदा., डॉ., प्रा., क्र., रु. असे संक्षेप सर्रास वापरतो आणि त्यांच्यापुढे जागा सोडतो. ‘प्रा. अमुक यांच्या पद्धतीने वृत्त ओळखते’ असे लिहिले तर सारांशात नुसते ‘प्रा.’ उरण्याचा धोका आहे. इंग्रजीतही हा प्रश्न आहेच. जावाच्या मार्गदर्शिकेत तो समजावण्यासाठी प्राध्यापक कनूथ यांच्याच नावाचे उदाहरण घेतले आहे. उपाय सोपा : पहिल्या वाक्यात संक्षेप टाळावा, शब्द पूर्ण लिहावा.

आता आपल्या शब्दयादीच्या फंक्शनचे टिपण कसे होईल ते पाहू. खालील ‘@’ चिन्हापुढील शब्द प्रत्यक्षात रोमन लिपीत, ठरलेल्या वर्णलेखनानुसार लिहावे लागतात. वाचकांच्या सोयीसाठी मी ते देवनागरीत दिले आहेत. ‘पॅराम’ म्हणजे फंक्शनला काय द्यायचे, ‘रिटर्न’ म्हणजे ते काय परत देते.

/**
 * मराठी शब्दांची यादी वर्णमालेच्या क्रमाने लावून देते.
 * ‘ळ’ हे अक्षर ‘ह’नंतर धरले आहे. दिलेली यादी
 * आहे तशीच राहते. क्रम लावलेली यादी नवी मिळते.
 * रिकामी यादी दिल्यास रिकामी यादी परत येते.
 * @पॅराम शब्द : क्रम लावायचे शब्द
 * @रिटर्न : क्रमाने लावलेली नवी यादी
 */

यात फंक्शन काय करते ते आहे, कसे करते ते नाही. वापरणाऱ्याला पडणारे तीन प्रश्न मात्र आहेत : ‘ळ’चे काय, माझी मूळ यादी बिघडेल का, आणि यादीत काहीच नसले तर काय. चांगल्या टिपणाची परीक्षा ही अशी. नावावरून जे कळते तेच पुन्हा सांगणारे टिपण, म्हणजे ‘शब्द : शब्द’ असे, जागा व्यापते आणि वाचकाचा विश्वास घालवते.

मराठीत लिहावे का?

येथे आपल्यापुढचा खरा प्रश्न येतो. प्रोग्रॅमिंग भाषांचे मूळ शब्द इंग्रजी आहेत. फंक्शनची नावे देवनागरीत देता येतात का? जावात येतात, पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून तीतही येतात. गो भाषेत अडचण आहे : तिच्या नियमात नावात अक्षर चालते, पण काना, मात्रा, वेलांटी ही चिन्हे अक्षरांत मोजलेली नाहीत. त्यामुळे ‘गट’ हे नाव चालते आणि ‘नाव’ हे नाव चालत नाही. शिवाय बाहेर वापरायचे नाव मोठ्या लिपीतील अक्षराने सुरू व्हावे असा तिचा दंडक; देवनागरीत लहान-मोठी लिपी नाहीच. टिपणात मात्र यांतले कोणतेच बंधन नाही. संपूर्ण प्रोग्रॅममध्ये मराठी वाक्य पूर्णपणे, व्याकरणासह, अडथळ्याविना लिहिता येईल अशी मुख्य जागा टिपण हीच आहे. फाइल ‘यूटीएफ-८’ या संकेतात जतन केली पाहिजे एवढेच. पायथन ३ हाच संकेत गृहीत धरते. जावानेही २०२२ पासून तो गृहीत धरला आहे, त्याआधीच्या आवृत्त्यांना तो कधीकधी सांगावा लागे. वेबपानावर मराठी पुस्तिका सहज दिसते. पीडीएफ करायची तर देवनागरी जाणणारी जुळणी-प्रणाली आणि फॉन्ट निवडावा लागतो.

सर्वत्र मराठीतच टिपणे लिहावीत असे माझे म्हणणे नाही. ज्या प्रोग्रॅमवर निरनिराळ्या देशांतली माणसे काम करतात तेथे इंग्रजी टिपणच उपयोगाचे. पण दोन ठिकाणी मराठीचा हक्क मला स्पष्ट दिसतो. पहिले, विषयच मराठीचा असतो तेव्हा. शुद्धलेखन तपासणे, वर्णक्रम, वृत्त ओळखणे, सामान्यरूप करणे, या कामांचे नियम मराठीतच नेमके सांगता येतात. ‘पेडणे’चे ‘पेडण्यात’ होते आणि ‘मये’चे ‘मयेत’ होते. हा अपवाद इंग्रजीत समजावून सांगायचा आणि वाचणाऱ्या मराठी माणसाने तो पुन्हा मनात मराठीत आणायचा, हा द्राविडी प्राणायाम कशासाठी?

दुसरे ठिकाण शाळा. लाटंबार्से हे माझे गाव डिचोली तालुक्याच्या टोकाला, दोडामार्गजवळ. आमच्या भागातली पुष्कळ मुले प्राथमिक शिक्षण मराठीतून घेतात आणि पाचवीपासून इंग्रजीत जातात. राज्य सरकारच्या योजनेतून आता सहावी ते आठवीच्या वर्गांत कोडिंग आणि रोबोटिक्स शिकवले जाते. म्हणजे माध्यम बदलून जेमतेम वर्ष झालेले मूल या नव्या विषयासमोर उभे राहते. त्याला यंत्राची भाषा इंग्रजी शब्दांत शिकावीच लागेल. पण ‘ही ओळ मी का लिहिली’ याचे उत्तर त्याने आपल्या भाषेत लिहिले तर त्याला खरोखर समजले आहे की त्याने फळ्यावरून उतरवून घेतले आहे, हे शिक्षकाला एका दृष्टिक्षेपात कळेल.

केसोबास संस्कृताचे जाणकार होते. नागदेवाचार्यांनी त्यांना संस्कृतात लिहिण्यापासून परावृत्त केले, कारण पंथातल्या सामान्य म्हाताऱ्या स्त्रिया त्या ज्ञानाला मुकल्या असत्या, ही हकिकत स्मृतिस्थळात आलेली आहे. स्पष्टीकरण कोणत्या भाषेत करायचे याचा निर्णय म्हणजे ते कोणाला कळावे याचा निर्णय, ही जाण मराठी गद्याच्या आरंभापासून आपल्याकडे आहे.

मराठीच्या अध्यापकांनी येथे मागे राहण्याचे कारण नाही. चांगले टिपण लिहायला जे लागते ते आपणच शिकवतो : एका वाक्यात सार सांगणे, अनावश्यक शब्द गाळणे, सर्वनामाचा संदर्भ स्पष्ट ठेवणे, अपवाद न लपवणे. पदवीच्या व्यावहारिक मराठीच्या तासाला पत्र, इतिवृत्त, जाहिरात यांच्या जोडीला एक लहान अभ्यास घालता येईल. संगणक विभागातून दहा ओळींचे एक फंक्शन मागवावे, ते काय करते हे तेथल्या शिक्षकांनी तोंडी समजावून सांगावे आणि विद्यार्थ्यांनी त्यावर पाच वाक्यांचे टिपण लिहावे. मग ते टिपण फंक्शनपासून वेगळे करून, ज्याने फंक्शन पाहिलेले नाही अशा विद्यार्थ्याच्या हाती द्यावे. त्याला ते न विचारता समजले तर गुण पूर्ण द्यावेत. न समजल्यास कोणता शब्द अडला ते दोघांनी मिळून शोधावे आणि टिपण पुन्हा लिहावे. या अभ्यासाला वेगळा निधी लागत नाही, यंत्रही लागत नाही. फळा आणि कागद पुरतो.